गेटावर थांबलेली मिरची

बांगलादेशात कोणत्या आठवड्यात सुट्टी असते, तिकडचे आयातीचे परवाने कधी थांबतात आणि सीमेवरचं गेट दुपारी किती वाजता लागतं, हे मला माझ्या ऑफिसच्या सुट्ट्यांपेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. नागपूरलाही एकदाच गेलो, तेही मणक्याच्या डॉक्टरला मान दाखवायला.

बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी कारकून आहे. माझ्या टेबलावर बोनाफाईड आणि टीसी यांची ये-जा असते, परराष्ट्र व्यापाराची नसते. पण माझी मोठी बहीण धाड नावाच्या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे आणि तिची दीड एकर हिरवी मिरची असते. त्यामुळे परराष्ट्र व्यापार आमच्या घरी थेट पोह्यांपर्यंत येतो. गेट उघडं असलं की बुलढाण्याच्या भाजीवाल्याकडे मिरची महाग होते आणि बायको पोह्यांत दोनच टाकते. गेट लागलं की ताई जीपवाल्याच्या हाती पिशवी भरून पाठवते, आणि मग आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ठेचा. दोन देशांचं काय चाललंय ते आधी माझ्या पोटाला कळतं, मग पेपरला.

घरात कुणाचं लग्न, कुणाचं बारसं असलं की जेवणं झाल्यावर मला ही मिरचीची गोष्ट सांगायला लावतात. मी ती हसवून सांगतो. भाचरं तर काही वाक्यं माझ्याआधीच म्हणतात. पण तिथं मी एक भाग गाळतो. आता पन्नाशी झाली, गाळून सांगायचाही कंटाळा आला.

ताईच्या गावात ज्यांचं रान मोठं, ते मिरची थेट मोठ्या व्यापाऱ्याला देतात. त्याचा ट्रक नागपूर, रायपूर करत तिसऱ्या दिवशी बंगालच्या सीमेवर पोचतो. तिथं माल पलीकडच्या ट्रकमध्ये चढतो आणि निघून जातो. एक-दीड एकरवाल्यांचं तसं नव्हतं. त्यांनी धाडला नेऊन मधल्या माणसाला द्यायची. तो म्हणेल तो भाव, तो म्हणेल ते वजन. एकदा त्याच्या ढिगात गेली की आपली मिरची कोणती, हे ती लावणाऱ्या बाईलाही सांगता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ताईच्या मनानं घेतलं की आठ घरांची मिरची एकत्र करून मोठ्या व्यापाऱ्याला द्यायची. आठही घरांत मिरचीचं बघणाऱ्या बायकाच होत्या. पुरुषांचा जीव कपाशीत आणि सोयाबीनमध्ये. व्यापाऱ्यानं तिला तीन गोष्टी सांगितल्या. मिरची देठासकट पाहिजे, कोरडी पाहिजे, आणि काही कमीजास्त झालं तर उत्तर द्यायला एकच माणूस पाहिजे. ताई म्हणाली, तो माणूस मी. भाऊजी तेव्हा अंगणात म्हशीला पाणी पाजत होते. त्यांनी मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा म्हशीकडे वळले.

मग ताई सात उंबऱ्यांवर जाऊन बसली. सात ठिकाणचा चहा पिऊन तिला पित्त झालं. हे मला माहीत आहे, कारण गोळ्या मीच नेऊन दिल्या. प्रत्येक घरी तिनं एकच सांगितलं की पहिली गाडी नीट पोचली तर पुढच्या प्रत्येक तोड्याला व्यापारी आपल्याला विचारील. नाही पोचली तर तो पुन्हा दारात उभं करणार नाही, आणि तुम्हीही मला करू नका. असं आधीच कुणी सांगतं का, असं मी तिला म्हटलं.

"मंग काय सांगू?" ती म्हणाली. "खरं सांगितल्याबिगर कोणी पोतं हाती देते का?"

सहा घरं तयार झाली. सगळ्यात आधी शेजारची म्हातारी, जिला सगळी गल्ली काकू म्हणते. सातवं घर कोपऱ्यावरचं. तिथल्या सासूची मिरची वर्षानुवर्षं धाडच्या त्याच मधल्या माणसाकडे जायची. सून त्याच्या दोनच वर्षं आधी लग्न होऊन आलेली, बोलायला हळू. तिनं सासूला पहिल्यांदा नाही म्हटलं ते या मिरचीवरून. त्या घरातली भांडी आठ दिवस जरा जोरात आपटत होती, असं ताई सांगायची. पण सून ताईकडे आली आणि आमचीबी घ्या म्हणाली.

तोड्याचा दिवस रविवार होता. मृग लागायला अजून आठवडा होता आणि ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लावता येईना. मी मदतीला गेलो होतो. मदत म्हणजे काय, तर पहिल्या अर्ध्या तासात मी मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि पुढचा पाऊण तास हौदाशी बसून राहिलो. तोडणाऱ्या बायकांना त्या दिवशी दुसरी करमणूक लागली नाही. ताई म्हणाली, "तुले आणलं हे बरं झालं. आज एकीनंबी ऊन हाय म्हून म्हटलं नाही."

मग मला सावलीतलं काम मिळालं. माझं अक्षर चांगलं आहे. घराण्यात माझ्याबद्दल बोललं जाणारं हे एकच चांगलं वाक्य. पोत्यांवर गेरूनं घरांचे आकडे घालायचे, एक ते आठ, आणि तोंडं निळ्या सुतळीनं बांधायची. निळी सुतळी ही आमच्या आठ घरांची खूण. मी मन लावून आकडे काढले. तीनच्या शेपटीला तर मी टीसीवर देतो तसं वळणही दिलं.

ताईच्या गावात असं आहे की पुढाकार घेणाऱ्याचं रान शेवटी तोडायचं. बायका आधी हिनं आपल्याच रानात घातल्या, असं कुणी म्हणायला नको. म्हणून एक ते सात नंबरांची पोती दुपारी बारापर्यंत रस्त्याकडेच्या शेडमध्ये येऊन पडली आणि ताई सगळ्या बायकांना घेऊन आपल्या रानात गेली. गाडी दोनला येणार होती. दोन वाजले, तीन वाजले. शेड टिनाचं. तोंडं उघडी असलेल्या त्या तागाच्या पोत्यांपाशी मी एकटा, आणि मिरची डोळ्यांदेखत मलूल होत चाललेली.

लहानपणी आम्ही दोघं आईबरोबर आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायचो. दर अर्ध्या तासानं आई भाजीवर पाणी शिंपडायची. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची, कशावरही. अख्खा बाजार तेच करतो. मी बादली भरली, लिंबाची एक डहाळी तोडली आणि एकेका पोत्यावर पाणी मारत गेलो. आतपर्यंत पोचावं म्हणून हात घालून मिरची वरखालीही केली. मला फार बरं वाटत होतं. सकाळपासून पहिल्यांदा माझा काही उपयोग होत होता. मग मी सगळी तोंडं निळ्या सुतळीनं पक्की बांधून टाकली.

कोरडी पाहिजे, ही अट ताईनं सातही घरांत जाऊन सांगितली होती. मला सांगितली नव्हती, कारण मी मिरचीवाला नव्हतो. बाजारातलं पाणी दोन तासांसाठी असतं, गिऱ्हाईक येईपर्यंत. ताडपत्रीखाली दाबून आठवडाभर चालायचा माल वेगळा, हे मला पुढं कळलं.

गाडी पाचला आली. तोवर टिनाच्या धगीनं पोती वरून वाळली होती. ताग वरून वाळतो आणि आतली ओल सोडत नाही. ताईनं पोत्यांवरून हात फिरवून बघितला, तिला कोरडी लागली. तिची आठ नंबरची पोती रानातून थेट गाडीत चढली, शेवटी आली म्हणून सगळ्यांत वर. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आठही बायका रस्त्यावर उभ्या होत्या. मीही उभा होतो, डोळा लाल, हात गेरूनं लाल.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं, पोचलो. चौथ्या दिवशी सांगितलं, गेट बंद. तिकडच्या सरकारनं मिरचीचे परवाने थांबवले होते. कुणी म्हणे तिकडची मिरची निघाली म्हणून, कुणी म्हणे तिकडं काही गडबड आहे म्हणून. धाडच्या चहाच्या टपरीवर दोन्हीही गोष्टी तितक्याच खात्रीनं सांगितल्या जात होत्या.

ड्रायव्हर मलकापूरकडचा, शांत माणूस. मी रोज फोन करायचो आणि तो रोज उचलायचा, याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. गाड्यांची रांग एवढी मोठी की शेपूट दिसत नाही, असं तो सांगे. कांद्याच्या गाड्या, दगडाच्या गाड्या, मिरचीच्या गाड्या. सगळे टायरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात टाकतात. तिथं आंघोळीची बादली विकत मिळते, झोपायला खाट विकत मिळते. त्या गावाचं पोट गाड्या थांबण्यावर चालतं, आपलं त्या पुढं जाण्यावर, असं तो एकदा म्हणाला आणि भात करपतोय म्हणून फोन ठेवला.

मी ऑफिसात मोबाईलवर बंगाली बातम्या बघत बसायचो. अक्षर लागत नव्हतं, पण मिरचीचा फोटो दिसला की छातीत धडधडायचं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी मला परराष्ट्रमंत्री म्हणू लागले. एका मुलाच्या टीसीवर मी जन्मगावाच्या रकान्यात सीमेवरच्या गावाचं नाव लिहिलं, तेव्हा प्राचार्यांनी मला आत बोलावून तब्येत विचारली.

तिकडं ताईच्या गावात तोडे थांबले होते. गाडी जाणार नसेल तर मिरची तोडून ठेवायची कुठं? ती झाडावरच लाल व्हायला लागली. तोडणाऱ्या बायका रोज सकाळी डबे बांधून ताईच्या दाराशी यायच्या, चालू झालं का विचारायच्या, आणि डबे घेऊन परत जायच्या. संध्याकाळी नळावर सातही घरांच्या बायका तेच विचारायच्या. ताईचं उत्तर एकच, "उभी हाय गाडी." फोनवर मला सांगतानाही ती तेवढंच सांगायची. तिच्या आवाजात पहिल्या दिवसांत काळजी होती. पुढं पुढं नुसतं दमलेपण राहिलं, पाय दुखत असताना कुणी किती वाजले विचारावं आणि आपण सांगावं, तसं.

गाडी पोचल्याच्या सातव्या दिवशी गेट उघडलं. आठव्या दिवशी, मी डबा खात असताना, व्यापाऱ्यानं ताईला पाठवलेला फोटो ताईनं मला पाठवला. निळ्या सुतळीची पोती कापून उघडलेली. आत काळी, बुरशी धरलेली मिरची, तळातून पाणी गळतंय. समोरच्याच पोत्यावर गेरूचा तीन होता, त्याची शेपूट छान वळलेली. मागोमाग ताईचा फोन आला. एक ते सात सगळा माल गेला होता. आठ नंबरचा तेवढा चांगला निघाला.

"व्यापारी इचारते, माल ओला होता काय," ती म्हणाली. "म्या सांगितलं, नाही. पोराची शपथ घेऊन सांगितलं."

मी हो-हो केलं आणि फोन ठेवला. डबा तसाच झाकला.

पुढचं सगळं दोन दिवसांत झालं. सात घरांचा माल सडला आणि पुढाकार घेणारीचा तेवढा राहिला, एवढंच गल्लीला दिसत होतं. आमची खाली दाबली, आपली वर ठेवली, असं कुणीतरी म्हटलं. ते खोटंही नव्हतं. आपलं रान शेवटी, ही रीत पाळली म्हणूनच तिची पोती वर गेली होती, पण आता तीच तिच्या विरोधात उभी होती. कोपऱ्यावरच्या सासूनं तर नळावर सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, आता कुणाच्या दारी चहा पिता?

गाडी थांबली म्हणूनही माल सडलाच असता, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण आठ नंबरही तितकेच दिवस त्याच गाडीत थांबला होता. हे कळायला कॉलेजात कारकून असावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेलो. ताईच्या ओसरीवर बायका बसलेल्या होत्या. ताई सांगत होती की तिनं कुणाच्या मालाला हात लावला नाही, आणि ते इतक्यांदा सांगून झालं होतं की ती आता कुणाकडे न बघताच बोलत होती. ताईला आधी बाजूला घेऊन सांगावं, असं मी जीपमध्ये ठरवलं होतं. ते राहिलं.

"ताई, पाणी म्या मारलं होतं," मी म्हणालो.

"कोणतं पाणी?"

"तोड्याच्या दिवशी. गाडी आली नव्हती, मिरची सुकून राह्यली होती. सातही घरच्या पोत्यात शिंपडलं, हात घालून. तू रानात होती."

काकूंनी विचारलं, "कितीक मारलं, भाऊ?"

"एक बादली. सव्वा धरा."

"सव्वा बादलीनं सात घरं सडत नाहीत," काकू म्हणाल्या. "म्याबी घरून निघताना मारलं होतं. बाजाराची सवय. हात राहते का?"

दोघीतिघींनी पदर सारखे केले. एक म्हणाली, आम्ही थोडंसंच. दुसरी तिच्याकडे बघून हसली, आणि मग चारपाच जणी हसल्या, थकून का होईना. मलाही हसू येणार होतं. इथपर्यंतची गोष्ट मी लग्नात सांगतो, आणि इथं थांबतो.

कोपऱ्यावरची सून खांबाशी बसली होती. ती म्हणाली, "आमची कोरडी होती."

आवाज चढवून नाही, ताईकडे बघून. "तुमीच सांगितलं होतं ना कोरडी पाह्यजे म्हून. फडक्यानं पुसून आणली होती म्या. एकेक."

मग ती उठून गेली. बाकीच्या हळूहळू उठल्या. ताई मला जीपपर्यंत सोडायला आली, आणि ते रागावण्यापेक्षा जड गेलं. मी म्हटलं, सांगायला नको होतं का?

"नसतं सांगितलं तं मी चोर ठरली असती," ती म्हणाली. "आता येडी ठरली. येडीले पोतं देते का कोणी, पाहू."

आठ नंबरच्या पोत्यांचे पैसे आले तेव्हा ते घेऊन ती कोपऱ्यावरच्या घरी गेली. सासू घ्यायला तयार होती. सुनेनं हात पुढं केला नाही. "मले तुमच्या मिरचीचे पैसे नको," ती म्हणाली. "माझी मिरची पोचली पाह्यजे होती." ताईनं हे मला फोनवर सांगितलं आणि फोन तसाच चालू ठेवला. मागं म्हशीचा आवाज येत होता.

त्या वर्षी पुन्हा गाडी लागली नाही. पुढची दोन वर्षं ऐन तोड्यात गेट महिनाभर लागलेलंच होतं, तेव्हा सगळ्यांनीच धाडला टाकली. या उन्हाळ्यात व्यापाऱ्यानं स्वतःच ताईला विचारलं, कारण तिकडं मागणी आली होती आणि त्याला माल कमी पडत होता. मागच्या सडक्या मालाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. त्याच्यासाठी ती अनेक गाड्यांतली एक गाडी होती. ताई पुन्हा उंबऱ्यांवर गेली. या वेळी चहा कमी मिळाला. ताईचं धरून चार घरं तयार झाली. काकू म्हणाल्या, माझा हात कोरडा ठेवते, तू भावाले दूर ठेव.

कोपऱ्यावरच्या घरी ती सगळ्यांत शेवटी गेली. माल मागायला नाही गेली. सुनेला म्हणाली की बांधायच्या आधी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघायला माणूस पाहिजे, आणि तो मला तूच पाहिजे. ओलं लागलं तर ते पोतं गाडीत चढणार नाही, कुणाचंही असो. सुनेनं बघते म्हटलं. तोड्याच्या दिवशी मी आकडे घालायला गेलो, तेव्हा ती शेडमध्ये आधीच येऊन बसली होती. पहिला हात तिनं ताईच्या पोत्यात घातला. मग एकेक करत सगळ्या पोत्यांत. काकूंचं एक पोतं तिनं बाजूला काढलं. काकू ते पोतं घेऊन घरी गेल्या.

सगळं झाल्यावर ती घरी गेली आणि डोक्यावर एक पोतं घेऊन आली. एकच. बाकीची सासूनं सकाळीच धाडला पाठवली होती. त्यावर आकडा मी घालायला लागलो तर ती म्हणाली, "राहू द्या मामा, मी घालते." तिनं गेरू घेतला आणि जरा वाकडा पाच काढला.

सोमवारी गाडी निघाली. आज शनिवार. ड्रायव्हर या वेळी दुसरा आहे, तो फोन कमी उचलतो. काल म्हणाला, पुढं साठेक गाड्या आहेत, गेट अर्धा दिवस चालतं. ताईनं आज मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाली, काही नाही, सहज केला. दुसऱ्या वेळी मी विचारलं, कोपऱ्यावरून कुणी विचारायला आलं होतं का? ती म्हणाली, "सकाळपासून इथंच बसून हाय ती."